न खाल्लेल्या शिध्याची कुळकथा

१९३८ साली लंडनमधल्या काही उंदरांना भाजलेल्या वासराचं मांस खायला मिळालं. मांस ११४ वर्षं जुनं होतं. विल्यम एडवर्ड पॅरी हा ब्रिटिश आरमारी अधिकारी १८२४ साली उत्तरेच्या बर्फातून पॅसिफिककडे जाणारा समुद्रमार्ग शोधायला निघाला, तेव्हा त्याच्या ‘हेक्ला’ जहाजावर या मांसाचा चार पौंडांचा डबा चढवलेला होता. तो न उघडताच परत आला आणि कुणीतरी जपून ठेवला. डबा कसा उघडायचा ते त्याच्यावरच लिहिलं होतं: छिन्नी-हातोडा घ्या आणि वरच्या बाजूनं कडेकडेनं कापा. आहारशास्त्रज्ञ जॅक ड्रमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यानं तो उघडला, आतलं मांस तपासलं आणि उंदरांपुढं ठेवलं. उंदीर धडधाकट राहिले.

लढाईवरच्या सैनिकाचा जुना शिधा जमवायचा, उघडायचा आणि चाखून बघायचा, असा एक छंद आज जगभर पसरला आहे. त्याचा मूळपुरुष कोण असं कुणी विचारलं, तर मी त्या उंदरांकडे बोट दाखवीन. त्यांच्यानंतरचे सगळे स्वखुशीनं खाणारे आहेत, एवढाच फरक.

या छंदातलं आज सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे यूट्यूबवरचा अमेरिकन ‘स्टीव्ह १९८९ एमआरई इन्फो’. अमेरिकन यादवी युद्धातलं १८६३ सालचं बिस्कीट त्यानं चावून पाहिलं आहे. १८९९ सालचा, बोअर युद्धाच्या वेळचा ब्रिटिश आणीबाणीचा शिधाही त्यानं चाखला आहे. त्याच्या चित्रफितींत आरडाओरडा नसतो. डबा उघडायचा, आतल्या वस्तू एकेक करून ताटलीत मांडायच्या, वास घ्यायचा, कॉफीची पूड घट्ट झाली असेल तर फोडायची, पन्नास वर्षांपूर्वीची सिगारेट निघाली तर तीही पेटवायची. लाखो लोक हे बघतात. आपल्याकडे पूजेची मांडणी ज्या निगुतीनं होते, ती निगुत या माणसाच्या हाताला आहे.

आता कुळाकडे वळू. सैन्याबरोबर शिदोरी जाते हे युद्धाइतकंच जुनं. पहिला बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसं हातावर चोळून खात चालला आहे, असं चित्र निजामाच्या चिताऱ्यानं काढून आणल्याची आख्यायिका ग्रँट डफनं नोंदवली आहे. पण ते कणीस कुणी जमवू शकत नाही. सातू, भाजलेले हरभरे, गूळ, वाळवलेलं मांस हे सगळं घरच्याच खाण्याचं प्रवासी रूप होतं. ते संपायचं, नाहीतर किडायचं. संग्रह करायला वस्तू टिकावी लागते, आणि टिकलेल्या वस्तूवर कुठं व केव्हा बनली त्याची खूण असावी लागते. या दोन्ही गोष्टी आल्या कारखान्यातून.

पहिली पायरी निकोला आपेर या फ्रेंच माणसाची. हा पॅरिसचा हलवाई. साखरेच्या पाकात फळं टिकवणं हा त्याचा धंदाच होता. अन्न काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट ठोकून तारेनं बांधायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही रीत त्यानं वर्षानुवर्षं खटपट करून बसवली. फ्रेंच आरमारानं त्याच्या बाटल्या समुद्रावर नेऊन पारखल्या. १८१० साली सरकारनं त्याला १२,००० फ्रँक दिले, पण कृती छापून सर्वांना खुली करायची या अटीवर. अन्न का टिकतं हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंचं कोडं पाश्चरनं सोडवायला आणखी अर्धं शतक जायचं होतं. त्याच १८१० सालात पीटर ड्युरंडनं लंडनमध्ये पेटंट घेतलं, त्यात काचेबरोबर कल्हईच्या पत्र्याचाही उल्लेख होता. ब्रायन डाँकिन आणि त्याच्या भागीदारांनी बर्माँडसी भागात कारखाना काढला आणि १८१३ पासून ब्रिटिश आरमाराला डबे पुरवायला सुरुवात केली. शत्रूच्या देशातली विद्या इतक्या झटपट उचलली गेली! डबा उघडायचं खास हत्यार यायला मात्र १८५५ साल उजाडलं. तोवर छिन्नी, संगीन किंवा जे हाताशी असेल ते.

पॅरीच्या त्याच मोहिमेतलं दुसरं जहाज ‘फ्युरी’ १८२५ साली बर्फात अडकून निकामी झालं. त्यावरचा शिधा किनाऱ्यावर उतरवून तसाच सोडून द्यावा लागला. चार वर्षांनी ब्रिटिश ध्रुवप्रवासी जॉन रॉस तिथं पोचला, तर डबे जसेच्या तसे. पुढं रॉसचंही जहाज बर्फानं धरलं, ते सोडून द्यावं लागलं आणि तो व त्याची माणसं याच साठ्यावर जगली. १८३३ साली त्यांची सुटका झाली. दुसऱ्याचा जुना शिधा उघडून खाणारी ही माणसं शौकीन नव्हती, गरजू होती. पण डबा वर्षानुवर्षं टिकतो ही खात्री जगाला त्यांनी दिली.

ती खात्री फार लवकर ताणली गेली. स्टीफन गोल्डनर नावाच्या कंत्राटदारानं आरमाराला स्वस्तात डबे दिले. स्वस्ताईसाठी डबे मोठे केले, आणि मोठ्या डब्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेना. १८५२ साली गोदामातले डबे तपासायला काढले, तेव्हा एकामागून एक सडलेले निघाले. दुर्गंधीनं तपासणारे हैराण झाले, संसदेत प्रश्न विचारले गेले. जुना डबा उघडणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर पॅरी आणि गोल्डनर दोघांची छाया असते. समोरचा डबा कुणाच्या वंशातला आहे हे उघडल्यावरच कळतं, आणि कधीकधी तेव्हाही कळत नाही.

हा झाला टिकण्याचा वंश. दुसरा आहे जपून ठेवण्याचा, आणि मला तो जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. फौजी बिस्कीट हा पदार्थ पीठ, पाणी आणि फार तर मीठ एवढ्यावर बनतो. यादवी युद्धातले अमेरिकन शिपाई ते बंदुकीच्या दस्त्यानं फोडायचे आणि कॉफीत भिजवून खायचे. आळ्या वर तरंगल्या की काढून टाकायच्या. इतकी टणक वस्तू खाण्यापेक्षा लिहायला बरी, हे शिपायांच्या लवकरच लक्षात आलं. कुणी बिस्किटावर तारीख आणि लढाईचं नाव लिहिलं, कुणी ते घरी धाडलं. पहिल्या महायुद्धात तर बिस्किटावर चित्रं काढली गेली, मध्ये भोक कोरून आत फोटो बसवले गेले. ऑस्ट्रेलियाच्या आणि ब्रिटनच्या युद्धसंग्रहालयांत ही बिस्किटं आजही आहेत. शिपायानं नाक मुरडलं म्हणून ती उरली.

नेमकं उलट्या कारणानं उरलं ते व्हिक्टोरिया राणीचं चॉकलेट. १९०० सालच्या नववर्षाची भेट म्हणून दक्षिण आफ्रिकेत लढणाऱ्या प्रत्येक सैनिकाला राणीनं चॉकलेटचा एकेक डबा पाठवायचं ठरवलं. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या तिन्ही कंपन्यांचे मालक क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या पंथाचे. राणीला नाही म्हणवेना आणि युद्धातून नफाही नको. शेवटी त्यांनी पैसे न घेता चॉकलेट दिलं आणि डब्यावर आपलं नाव नको असं कळवलं. पुष्कळ शिपायांनी ते खाल्लं नाही! राणीचा मुखवटा असलेला डबा फोडायचा कसा? कित्येकांनी तसाच घरी पाठवला. २०२१ साली इंग्लंडमधल्या ऑक्सबर्ग हॉल या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, शिरस्त्राणाच्या पेटीत, असा एक डबा सापडला. चॉकलेट आत होतं.

१९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावानं पितळी डब्या वाटल्या गेल्या. ब्रिटिश शिपायाला त्यात तंबाखू आणि सिगारेटी मिळाल्या. हिंदी पलटणींचा विचार वेगळा झाला: शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी, गुरखे सोडून इतर हिंदी शिपायांना त्याबरोबर सिगारेटीही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या तेव्हा फ्रान्सच्या आघाडीवर होत्या. ऑक्टोबरमध्ये न्यव्ह शापेलच्या लढाईत त्यांचं अतोनात नुकसान झालं होतं. उरलेल्यांच्या हाती दोन महिन्यांनी खडीसाखर पडली. तंबाखूसकट शाबूत राहिलेली पितळी डबी लिलावात येते तेव्हा तिला भाव चांगला मिळतो. मसाला मात्र उरण्यासारखा नव्हताच. फ्रान्सच्या चिखलात तो ज्याला मिळाला त्यानं तो डाळीत घातला असणार.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. संग्रहात येतो तो न खाल्लेला शिधा. म्हणजे जिथं पोटाला पुरेसं होतं, किंवा युद्ध अचानक संपलं, किंवा पदार्थ गिळवत नव्हता, तिथला. खऱ्या उपासमारीच्या ठिकाणाहून या छंदाला काहीच मिळत नाही. १९१५ च्या डिसेंबरात इराकमधल्या कुतमध्ये सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पीठ मोजून मिळू लागलं, भाजीपाला संपला, स्कर्व्हीनं माणसं खंगली. घोडे मारून खायला सुरुवात झाली, तेव्हा बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. धर्मगुरूंकडून परवानग्या आणवल्या गेल्या, तरी महिनोन्‌महिने कित्येकांचं मन घेईना. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. पडलेली पोती हजारोंच्या तोंडाला कुठं पुरणार? २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कुतचा एकही डबा कुठल्या शौकिनाच्या कपाटात असेल असं मला वाटत नाही. या छंदाकडे युद्धाचा इतिहास म्हणून बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्यातून खाऊन-पिऊन असलेल्या सैन्यांचा इतिहास कळतो.

आणि असं सैन्य म्हटलं की अमेरिका आली. १९३७ साली कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीकडे आणीबाणीचं चॉकलेट मागितलं. वजन ४ औंस, उन्हाळ्यात वितळायचं नाही, ताकद भरपूर. आणि चव? उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशी बरी असावी, जास्त नको! चव चांगली असली तर शिपाई पहिल्याच दिवशी संपवून टाकील ही भीती. कंपनीनं ओटचं पीठ घालून हुकमाबरहुकूम बेचव वीट तयार केली. शिपायांनी तिला हिटलरचं गुप्त अस्त्र म्हटलं. कुळकथेच्या दृष्टीनं हा फार मोलाचा क्षण आहे, कारण न खाल्लं जावं म्हणून मुद्दाम बनवलेला हा बहुधा पहिला खाऊ.

त्यानंतर आन्सेल कीज. मिनेसोटा विद्यापीठातला हा शरीरशास्त्रज्ञ पुढं हृदयविकार आणि चरबीयुक्त आहार यांच्या संशोधनामुळं जगाला माहीत झाला. छत्रीधारी सैनिकांच्या खिशात मावेल असा शिधा सुचवा, असं लष्करानं त्याला सांगितलं. तो सरळ वाण्याच्या दुकानात गेला आणि कडक बिस्किटं, सुकं सॉसेज, गोळ्या आणि चॉकलेट घेऊन आला. जवळच्या छावणीतल्या मूठभर शिपायांना ते खाऊ घातलं. ‘काही नसण्यापेक्षा बरं’ अशा अर्थाचा निकाल मिळाला. त्यातूनच के-रेशन आकाराला आलं: न्याहारी, दुपारचं आणि रात्रीचं, तीन मेणकागदी खोकी. आतल्या मेणाच्या खोक्याला काडी लावली की त्यावर एक कप कॉफी गरम व्हायची. १९४४ या एका वर्षात दहा कोटींहून जास्त के-रेशनं बनली. शिधा काही दिवसांपुरता होता. पण ब्रह्मदेशात मेरिलच्या अमेरिकन पथकाला त्यावर महिने काढावे लागले आणि माणसं हाडांचे सापळे झाली. लिंबाच्या भुकटीचं पुडकं तर सगळीकडे सर्रास फेकलं जाई.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि गोदामं भरलेली राहिली. दहा माणसांच्या एका दिवसाच्या शिध्याची खोकी १९४६ पासून ‘केअर’ संस्थेमार्फत भुकेल्या युरोपात गेली. बाकीचा माल डिस्पोजलमध्ये निघाला. अमेरिकेत गावोगाव लष्करी जुन्या मालाची दुकानं उघडली. तंबू, बूट, पाणबाटल्या यांच्या शेजारी डबेही आले. गिर्यारोहक, शिकारी, स्काउटची मुलं ते घ्यायची. पुढं जुन्या लढायांचे प्रसंग गणवेशासह उभे करणाऱ्या हौशी मंडळींना पाठपिशवीत ठेवायला अस्सल डबा हवा झाला. छंद म्हणून याची सुरुवात मी इथून धरतो.

पण त्याची रीतभात आली ती देवघेवीतून, आणि देवघेव जुनी आहे. १८६२-६३ च्या हिवाळ्यात रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर उत्तरेची आणि दक्षिणेची फौज समोरासमोर होती. उत्तरेकडे कॉफी होती, दक्षिणेकडे तंबाखू. शिपायांनी छोट्या होड्या करून त्यांत माल घालून पलीकडे सोडला. अधिकाऱ्यांनी बंदी घातली तरी होड्या सुटतच राहिल्या. अफगाणिस्तानात वेगवेगळ्या देशांची पथकं शेजारी राहिली तेव्हा हाच बाजार पुन्हा भरला. फ्रेंच खोक्यात ‘पाते’ म्हणजे मांसाचं मऊ वाटण आणि नीट शिजवलेले मांसाचे पदार्थ, इटालियन खोक्यात चक्क मद्याचा घोट. अमेरिकनांना एका फ्रेंच खोक्यासाठी आपली कितीतरी पाकिटं मोजावी लागत. आजचे संग्राहकही पैशांपेक्षा अदलाबदल पसंत करतात: तुझं नॉर्वेचं, माझं कोरियाचं.

अमेरिकन पाकीट म्हणजे एमआरई, ‘मील, रेडी-टू-ईट’. पत्र्याच्या डब्याऐवजी प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमच्या थरांची लवचीक पिशवी, जिच्यात अन्न भरून, सील करून दाबाखाली शिजवतात. नेटिकच्या लष्करी प्रयोगशाळेनं कंपन्यांना बरोबर घेऊन ती सिद्ध केली. १९८१ पासून एमआरई फौजेत यायला लागलं. ‘जेवण, तयार, खाण्याजोगं: एका पाकिटात तीन थापा’ हा शिपायांचा विनोद लगोलग आला. सुरुवातीची पाकिटं इतकी नावडती होती की लष्करानं १९८३ साली सलग ३४ दिवस चाचणी घेतली, तेव्हा लोकांनी बरंच अन्न टाकून दिलं आणि त्यांची वजनं उतरली. मग टोमॅटो-मिरचीच्या झणझणीत सॉसची इवलीशी बाटली आली, पाणी घालताच तापणारी मॅग्नेशियमची पिशवी आली, पदार्थ वाढले. गोळ्यांच्या एका जातीला मरीन शिपाई अपशकुनी मानत आणि न खाता फेकून देत. संग्राहकाला ती गोळी हवीच असते.

जाणकार माणूस पाकीट हातात घेतल्याबरोबर रंग बघतो. गडद तपकिरी असेल तर साधारण १९९५ पर्यंतचं, वाळूच्या रंगाचं असेल तर नंतरचं. मग चार आकडी खूण: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन त्या वर्षातला दिवस. ४०३७ म्हणजे चारनं संपणाऱ्या वर्षातला सदतिसावा दिवस. खोक्यावर लाल वर्तुळाची चकती असते. आतला ठिपका बाहेरच्या कड्याहून गडद झाला की माल उन्हात राहून वाया गेला समजावं. खोक्यावर ‘सरकारी मालमत्ता, विक्री बेकायदा’ असंही छापलेलं असतं. तरी २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मदतीची पाकिटं इंटरनेटच्या लिलावात इतकी दिसू लागली की अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षकांनी चौकशी केली.

आपल्याकडेही हे तंत्र फार लांब नाही. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ साली स्थापन झाली. उंचावर, वाळवंटात आणि पाणबुडीत चालेल असं भारतीय जेवण बनवणं हे तिचं काम. पुऱ्या, शंकरपाळे, गूळ-चणे यांवर भागवणाऱ्या जवानाच्या हाती तिनं पिशवीतला पुलाव आणि सुजीचा हलवा दिला. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासाठीचं भारतीय जेवण तिथूनच गेलं. पिशवीत शिजवण्याचं तंत्र तिनं एमटीआरसारख्या खासगी कंपन्यांना दिलं. परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई जी तयार जेवणाची पाकिटं कोंबते, त्यांचा वंश थेट फौजेत जातो. जवान आपल्या पेटीला ‘कंपो’ म्हणतात. तो शब्द दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कॉम्पोझिट रेशनचा.

चाखण्याबद्दल माझं मत विचाराल तर जमवा, वाचा, लेबलं जपा, पण दशकांपूर्वीचा डबा तोंडात घालू नका. फुगलेला, गंजलेला, उघडताना फुस्स करणारा तर नाहीच. बोट्युलिनम जंतूचं विष वासात किंवा चवीत दिसेलच असं नाही, आणि पडद्यावरच्या शौकिनाचं धाडस नशिबावरही चालतं.

आणि एक विनंती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतले पणजोबा दोन्ही महायुद्धांत होते. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी पितळी डबी, बिस्किटाचा तुकडा किंवा इंग्रजी अक्षरांचा गंजका डबा असेल, तर ती वस्तू चिंचेनं घासू नका, उघडू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका. त्या माणसाचं नाव, पलटण आणि वस्तू घरात कशी आली एवढं एका कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवा, आणि एखाद्या संग्रहालयाला कळवा.